गिरजाबाईंच्या म्हशीचा बिल्ला

मी एक जुना पिवळा बिल्ला आहे. नागोठण्याजवळच्या एका वाडीत, गिरजाबाईंच्या दारात खिळ्याला लटकतो.

मित्रांनो, माझ्या आयुष्याची सुरुवातच रक्ताने झाली. गुरांच्या डॉक्टरांनी भिंगरी म्हशीचा कान फोडून मला आरपार बसवलं. कळ उठताच तिने डॉक्टरांना शेणात लोळवलं. पुढे मात्र आमची गट्टी जमली. तिने कान हलवला की मी वारा खायचो, ती डुंबली की मीही डुंबायचो. धार काढताना गिरजाबाई म्हणायच्या, "डूल शोभतोय गो तुला!"

त्या श्रावणात भर दिवसा अंबा नदी गोठ्यात शिरली. गिरजाबाईंचा मुलगा नितेश कंपनीत शिफ्टला होता. गिरजाबाईंनी आधी तांदळाची पोती माळ्यावर चढवली, मग गोठ्याकडे धावल्या. भिंगरीची पारडी सुटी होती, ती पोहत उंचवट्याला लागली. भिंगरी मात्र बांधलेली. दाव्याची भिजलेली गाठ दगडासारखी झाली होती, गिरजाबाईंना सुटेना. भिंगरीने गोठ्याचा कूड फोडला, मान हिसडली, तिचं शिंग गिरजाबाईंच्या दंडात घुसलं. शेजारच्या शांतीने त्यांना केस धरून बाहेर ओढलं. पाणी माझ्यावरून गेलं. नाकपुड्यांतून बुडबुडे फुटले. कान फडफडला, फडफडला, आणि थांबला.

आमच्या वाडीची रीत अशी, की मातीत जाणाऱ्या जनावराच्या अंगावर माणसाची खूण ठेवायची नाही. पाणी ओसरल्यावर भिंगरीचं दावं, घंटा नदीत सोडली. पण मी एकदा बसलो की उघडत नाही. गिरजाबाईंनी विळ्याने माझ्यासकट कानाचा तुकडा कापला, आणि भिंगरीला मीठ घालून पुरलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी मदतीच्या पंचनाम्याला डॉक्टर आले.

"आजी, पुरलीत? अहो, कानात बिल्ला दिसेल असा फोटो लागतो. त्याशिवाय मदत नाही."

"मंग काय कुजत ठेवायची व्हती? लेक हाय ती माझी, सरकारची नाय!"

नितेशने कुदळ उचलली. गिरजाबाई त्या मातीवर आडव्या पडल्या. "चालव! आधी माझ्यावर चालव!"

"आये, मदत नाय आली तर दुसरी म्हस कुठनं आणायची? पारडीला कोण पाजंल, तू?"

गोठ्यातून पारडी भुकेने ओरडली. गिरजाबाई उठल्या. "सर तिकडं. मी पुरली, मीच काढीन."

वास उसळला. फुगलेलं तोंड वर आलं. गिरजाबाईंनी खड्ड्यात उतरून तुकडा कानाला लावला. कड कडेला बरोबर बसली. डॉक्टरांनी फोटो काढला आणि बांधापाशी जाऊन ते ओकले. तुकडा भिंगरीपाशीच राहिला. त्याचं कातडं चिरून मला तेवढं गिरजाबाईंनी सोडवून घरी आणलं.

मदत आली. गडब गावाहून नवी म्हैस आली. पारडीला तिने आधी लाथ मारली, पण दूध दिलं.

मित्रांनो, मदत येते ती मेलेल्यांची. तुमच्या दारी जनावर असेल, तर पाणी अंगणाला लागताच पोती राहू द्या, आधी दावं सोडा. म्हशीला पोहायला कुणी शिकवावं लागत नाही.