बिबड्यात उमटलेलं नाव

मित्रांनो, सुरतेतल्या जुन्या गोऱ्यांच्या कबरस्तानात भिंतीकडेला एक काळी शिळा आहे, ती मी. जागा कोपऱ्यातली असली तरी मान कोपऱ्यातला नाही.

सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरात विलायती जहाजं लागत, त्या काळी सुरतेच्याच एका पाथरवटानं मला घडवलं. गोऱ्यानं कागदावर अक्षरं काढून दिली, यानं कोरली. काय हात होता! आमच्या समोर बड्या व्यापाऱ्यांचे घुमट आहेत. इंग्रजानं एक बांधला की डचानं त्याहून उंच बांधायचा. मेल्यावरही चढाओढ सुटली नाही. पण काम देखणं, ते मानावंच लागतं.

मग गोरे गेले. माझी अक्षरं झिजली, शेवाळानं बुजली. लोक कोरा दगड म्हणू लागले.

मला पुन्हा कामाला लावलं ते खानदेशच्या धुरपदाबाईनं. तिच्या घरचे सगळे इथल्या कापडाच्या लूमवर कामाला. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, पापडांचे खानदेशी भाऊ, वाळवायला तिला सपाट, तापलेली जागा हवी होती. दर वर्षी ती मला खराट्यानं घासते, विरलेलं लुगडं अंथरते आणि शिजवलेलं पीठ त्यावर थापते. थडग्यावर वाळवण पाहून आधी माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगते, इतकं मन लावून मला कुणीच घासलं नव्हतं.

यंदा मुकादम मगन पहार घेऊन आला. कबरस्तानातली वाट दुरुस्त करायची होती आणि बिननावाच्या शिळा तिच्यात बसवायच्या होत्या. म्हणजे मी चपलांखाली जाणार.

"माँजी, पापड उचला. हा दगड न्यायचाय."

"पापड नाही, बिबडा शेतस. अन् हाऊ दगड मन्हा शे."

"तुमचं नाव आहे का याच्यावर?"

"तुन्हं शे का? वाळू दे, मंग बोल."

तेवढ्यात शाळेच्या सोनाली टीचर मुलांना गावाचा इतिहास दाखवायला आल्या. धुरपदाबाईनं भांडता भांडता आदल्या दिवशीचा वाळलेला बिबडा त्यांच्या हातात ठेवला. टीचरनी तो उन्हासमोर धरला आणि मुलांना जवळ बोलावलं. लुगड्यासकट पीठ माझ्या खाचांत उतरलं होतं. बिबड्यात दाट अक्षरं दिसत होती, 'कॅटरिना'. इतकी वर्षं हे नाव तेलात फुलून पोटात जात होतं.

मुलांनी मग लुगडं बाजूला घेतलं, माझ्यावर कोरडं पीठ चोळलं आणि पुढचं वाचलं. जहाजावरच्या सुताराची बायको, बाळंतपणात गेली.

मगननं पहार खांद्यावर टाकली. "नाव निघालं. आता ही नाही हलत."

धुरपदाबाईनं माझ्यावर हात ठेवला. "माय वं. तुन्हा छातीवर मी पसारा मांडा. टीचर, लेकरू वाचनं का?"

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

मलाही माहीत नाही, मित्रांनो. मला तेवढंच ठाऊक, जेवढं माझ्यावर कोरलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मला घासलं. "कॅटरिना, बाई, जराशी जागा दे," म्हणाली आणि लुगडं अंथरलं.

तुम्हीही कबरस्तानात या. दगडावर पाय देण्याआधी वाकून बघा. दिसलं नाही तर बोट फिरवा. आणि वाळवण घालायचं असेल तर खुशाल घाला. फक्त आधी घासून घ्या, आणि नावानं हाक मारा.