चार मिलिमीटरचं भोक

तिने बुजवलेलं भोक संगणकावरच्या मॉडेलमध्ये परत घातलं आणि गणित पुन्हा चालवलं. पडद्यावर दांडा उमटला, बहुतेक निळा-हिरवा. भोकाच्या काठाशी मात्र लालभडक, म्हणजे तिथे ताण सोसण्यापलीकडचा.

रुग्णाला पलंगावरून उचलणाऱ्या यंत्राचा तो दांडा. काल कारखान्यात चाचणीत एक तडकला होता आणि चीर नेमकी याच भोकातून निघाली होती. भोक कशासाठी, तर कंपनीच्या नावाची पट्टी ठोकायला! ताणाचं गणित लवकर सुटावं म्हणून आधी मॉडेल साधं करायचं, पाच मिलिमीटरच्या आतली भोकं सरसकट बुजवायची, असा विभागाचा नियम होता. नियमावर बोट ठेवून तिने एका क्लिकमध्ये बासष्ट भोकं बुजवली होती. हे त्यातलंच एक. पडद्यावरून ते गेलं. लोखंडातून थोडंच जाणार होतं.

अकराला दहा मिनिटं कमी होती. अकराला आईची आंघोळ. बाहेर गेलेल्या चाळीस यंत्रांपैकी एक तिने हट्टाने स्वतःच्या घरी बसवलं होतं.

दादाचा फोन लागेना. वहिनीचा नुसता वाजत राहिला. तिने पुन्हा लावला.

"घे ना गं वहिनी, घे."

मागे साहेब येऊन उभे राहिले. लाल डाग पाहून त्यांचा चेहरा पडला.

"हे अजून कुणाला दाखवलंस?"

"सर, माझी आई आहे त्यावर."

तेवढ्यात वहिनीने फोन घेतला. मागे बादलीत पाणी पडत होतं.

"वहिनी, आईला यंत्रावर घेऊ नका! घेतलं असेल तर आधी उतरवा!"

पलीकडे नळ बंद झाला.

"रागावू नकोस हं," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांना यंत्रावर कधी घेतलंच नाही. पहिल्याच दिवशी घाबरल्या. हेच रोज उचलून नेतात. तू एवढ्या हौसेने आणलंस, कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"म्हणजे दादाची कंबर दुखते ती…"

"त्यापायीच."

आठ महिने ती दादाला म्हातारा झालास म्हणून चिडवत होती. ती तोंडावर हात दाबून रडली. मग फोन ठेवून तिने डोळे पुसले.

"सर, बाकीच्या एकोणचाळीस घरांचे नंबर द्या."

"आधी वर विचारू दे. दांडा सुरक्षित असल्याच्या अहवालावर सही तुझी आहे, विसरू नकोस."

"नाही विसरले." तिने घड्याळाकडे पाहिलं. "आंघोळीची वेळ झालीय, सर. सगळ्यांच्या घरी दादा नसतो."

साहेबांनी यादी छापायला टाकली. मग शेजारची खुर्ची ओढून त्यांनी स्वतःचाही फोन बाहेर काढला.