तेवीस नंबरचं कपलिंग

त्रिंबकनं हापशाचा चौथा रॉड वर ओढला. रॉडच्या टोकाला कपलिंग तेवढं लोंबत होतं, त्याच्याखाली काहीच नव्हतं. बाकीचे रॉड सुटून पाइपात पडले होते.

"हितं सुटलाय," तो म्हणाला. पंचायत समितीचा हा मेकॅनिक अकरा दिवसांनी उगवला होता, पण रुबाब असा की जणू बोलावताक्षणी धावत आला. "जालिंदर, तू आयटीआयवाला. बघ बरं काय झालंय."

दोन रॉड जोडणारा तो बोटभर लोखंडी तुकडा जालिंदरनं काढून घेतला. आत करंगळी घातली, तर आटे पार पुसून गेलेले. मग त्यानं तो उलटा केला. लोखंडावर नंबर ठोकलेला होता, तेवीस. तो त्याचाच रोल नंबर होता.

पाऊस दडी मारून बसला, पाणी खोल गेलं आणि तालुक्यातल्या सगळ्या हापशांना रॉड वाढवायची वेळ आली, तेव्हा कपलिंगं कातायचं काम साखर कारखान्याच्या आयटीआयला मिळालं होतं. प्रत्येकानं आपल्या नगावर आपला नंबर ठोकायचा होता. चाळीस नग जो आधी देईल, त्याचं नाव कारखान्याच्या ॲप्रेंटिसशिपला धाडू, असं सर म्हणाले होते. आटे तपासायच्या गेजची एक बाजू आत जायला हवी आणि दुसरी अडायला हवी. जालिंदरच्या एकोणचाळिसाव्या नगात दोन्ही बाजू सुखानं आत गेल्या, म्हणजे आटे सैल होते. शेजारच्या लेथवर बंकटचे अडतीस झाले होते. 'चालतंय,' असं पुटपुटून जालिंदरनं तो नग चांगल्यांच्या ढिगात टाकला.

नाव त्याचंच गेलं. पुढं ऊस उभ्यानं वाळला, कारखाना यंदा सुरूच झाला नाही, आणि पहिला नंबर पटकावलेले जालिंदरराव वस्तीवर परत येऊन बसले.

"आटे गेलेत," तो म्हणाला.

"कावून पण?" त्रिंबकनं विचारलं. "बाकीची तर लई घट्ट हायेत."

जालिंदरचा अंगठा नंबरावर होता. भोवती वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. अकरा दिवस कोसभर लांबच्या विहिरीवरनं पाणी आणून त्यांचे चेहरे उतरले होते.

"जोर पडला आसंल," तो म्हणाला.

"मंग, मी काय म्हनत होते?" त्याची आई मुक्ताबाई पुढं आली. "भामाबाई लटकतीच दांड्याला!"

भामाबाई बुद्धविहाराच्या पायरीशी उभी होती. साठीची, एकटी, काटकुळी बाई. दांडा खाली आणायचा तर तिला सगळं अंग टाकावं लागे. अकरा दिवसांपूर्वी दांडा एकदम हलका पडला, तो तिच्याच हातात.

"मी रोजच्यावानीच दाबला गं, माय," ती म्हणाली. पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. हापसा सुरू झाला की पाऊस पडेपर्यंत भामाबाईचा हंडा सगळ्यांच्या मागं, असं बायांनी तिथंच ठरवलं. जालिंदरनं कपलिंग खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना गळ घालून आयटीआयच्या लेथवर नवं कपलिंग कातलं. गेज तीनतीनदा लावून पाहिला. या नगावर मात्र नंबर ठोकला नाही. तिसऱ्या दिवशी त्रिंबकनं गड्यांना हाताशी घेऊन पाइप उपसले, रॉड जोडले, आणि हापशाला पाणी आलं. बायांनी जालिंदरच्या नावानं कौतुकाचा गलका केला. त्याच्या आईचा हंडा मानानं सगळ्यांच्या पुढं ठेवला गेला.

"आई, भामाआत्याला घेऊ दे की आदी," तो हळूच म्हणाला.

"ऱ्हाऊ दे तिला मागं. जोर पडला, हे तूच म्हनलास न्हवं?"

तो विहाराच्या सावलीत जाऊन उभा राहिला. एकेक हंडा भरून गेला, ऊन डोक्यावर आलं, आणि शेवटी भामाबाईची पाळी आली.

तिनं अंग टाकलं नाही. दोन्ही हातांनी दांडा कसाबसा धरून ती तो अगदी बेतानं खाली आणत होती. पाणी तोटीपर्यंत येई आणि करंगळीएवढी धार पडून थांबे.

"जालिंदरा," तिनं हाक मारली, "तू शिकल्याला हायेस. बघ रं बाबा, आसं दाबलं तर न्हाई ना तुटायचं?"

खिशातल्या कपलिंगावर त्याची मूठ आवळली. आसपास कोणी नव्हतं. आता सांगता आलं असतं.

"न्हाई, आत्या," तो म्हणाला. "चालतंय."

भामाबाईला बरं वाटलं. तिनं मान हलवली आणि ती दांडा आणखीच हळू दाबायला लागली.