दोघांचे आठ

हाल्ब्योर्नने उकडलेल्या कॉड माशाच्या वाटीवरचं झाकण काढलं, वाफेत नाक घातलं आणि सवयीने डोळे मिटले. वास आला नाही. दोन आठवड्यांपूर्वीच्या तापात त्याचं नाकच गेलं होतं, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं या मासळीच्या कारखान्याचं नाक म्हणून मिरवलेल्या माणसाने सांगायचं तरी कसं? सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून घरी.

नियम साधा होता. दोघांनी हुंगायचं, एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण लिहायचे; सहाच्या खाली गेलं तर माल बाहेर जायचा नाही. हल्ली हाल्ब्योर्न डोळे किलकिले करून समोरच्या स्टेनुनचा चेहरा बघायचा. तिने नाक मुरडलं नाही, की आठ. आजही मुरडलं नाही.

दोन्ही कागदांवर आठ पडले. खाली ट्रक भरायला लागला.

"हाल्ब्योर्न," स्टेनुनने डोळे पुसत दार लोटलं, "चिडणार नसशील तर एक सांगते. मला दिवस गेलेत. तिसरा महिना. मागच्या वेळेसारखं होऊ नये म्हणून कुणाला बोलले नाही."

"अगं वेडे, मग रडतेस कशाला?"

"सगळंच नासकं वाटतं रे मला. कॉफी, साबण, नवरासुद्धा! म्हणून तोंड मख्ख ठेवते आणि तुझा चेहरा बघून लिहिते. तू आहेस म्हणून निभावलं."

हाल्ब्योर्नला हसू आलं, पण ते लगेच विरलं. म्हणजे हा मासा कुणीच हुंगला नव्हता.

त्याने फोन उचलून मॅनेजरला, आउसग्रिमुरला लावला.

"ट्रक थांबव."

"का? दोघांचे आठ आहेत की."

"माझं नाक गेलंय. दोन आठवडे झाले. तेव्हापासूनचे राखीव नमुने काढ आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घे."

पलीकडे आउसग्रिमुरने ओरडून ट्रक थांबवायला सांगितलं.

"पण स्टेनुनचं नाक तर शाबूत आहे ना?"

स्टेनुन पुढे आली. हाल्ब्योर्नने हातानेच तिला थांबवलं.

"तिचे गुण धरू नकोस. मीच दटावून माझ्यासारखे लिहायला लावायचो. तिला थोडे महिने पॅकिंगला बसव, माझ्या हाताखाली पोरीची सवय बिघडलीय."