शेपूट नसलेल्या यंत्राचा पीळ

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. बावीस वर्षं मी जहाजावर बसून समुद्राच्या तळाशी रोबोट चालवले. पाच आठवडे जहाजावर, पाच आठवडे घरी. माझ्या आवाजाने जहाजावरच्या कपबश्या हलतात असं लोक म्हणायचे. थापा मारायचे मेले, बश्या नव्हत्याच तिथे.

घरी मात्र माझ्याशी कुणी भांडत नव्हतं आणि तेच माझं दुखणं होतं. लेक पंधरा वर्षांची. बापावर दिवसातून दोनदा दार आपटायची, "बाबा, तुला ना काही म्हणजे काही कळत नाही!" असं ठणकावायची आणि दहा मिनिटांनी त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून टीव्ही बघायची. मी घरात पाऊल टाकलं की, "आई, दमलीस का? पाणी आणू?" एकदा मी तिचा नवाकोरा शर्ट इस्त्रीने जाळला. बापाने जाळला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. मला म्हणाली, "असू दे गं, मला तसाही फारसा आवडत नव्हता." पोटची पोर आपल्याशी पाहुण्यासारखी वागते हे बघून मला रडूच यायचं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण त्याला हे दिसत नव्हतं. "गुणी आहे पोरगी, तुला कशाचं दुःख?" म्हणायचा.

तेवढ्यात आमच्या कंपनीचं समुद्रात नवं तेलक्षेत्र निघालं. अडीच हजार मीटर खोल पाणी, वर तेल उपसायचा एकही फलाट नाही, सगळा कारभार समुद्राच्या तळावर. तेलाच्या विहिरीच्या तोंडावर व्हॉल्व्हांचा एक लोखंडी डोलारा बसवतात, आम्ही त्याला झाड म्हणतो. अशी सहा झाडं, सगळी विजेवर चालणारी, आणि त्यांची देखभाल करायला एक रोबोट कायमचा खालीच मुक्कामाला. तळावरच त्याचं गॅरेज, तिथेच तो चार्ज होणार. जहाज नको, केबल नको. चालवणारा माणूस जमिनीवरच्या ऑफिसात खुर्चीत बसणार आणि चार वाजले की घरी जाणार.

खुर्ची एकच होती आणि आम्ही उमेदवार तिघं, तिघंही जहाजावरचेच. प्रत्येकाची एक फेरी घेणार, आणि रोबोटने मध्येच ताबा आपल्याकडे घेतला तर तो माणूस बाद.

मला ती खुर्ची हवी होती. इतकी, की परीक्षेच्या दिवशी सकाळी मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. लेकीने तो चहा प्यायला आणि "छान झालाय" म्हणाली. आता सांगा!

परीक्षेच्या खोलीत गालिचा होता, खिडकी होती, खिडकीत एक कुंडी होती. मला गुदमरल्यासारखं झालं. जहाजावर आम्ही डिझेलच्या वासात, लोखंडी डब्यात बसायचो. इथे शेजारी प्रोग्रामवाला, म्हणजे रोबोटचं डोकं ज्याने लिहिलं तो टकला, गोड स्वभावाचा गृहस्थ. आणि मागे प्रमुख साहेब. ते सगळं मोजतात म्हणून त्यांचं नाव मोजपट्टी. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

रोबोटला मी पहिल्या मिनिटालाच खेकडा म्हणायला लागले. चालायचाही तसाच, तिरपा. झाडाजवळ नेला, अडलेल्या व्हॉल्व्हवर हत्यार बसवलं, सतरा फेरे मोजून फिरवले. व्हॉल्व्ह लोण्यासारखा उघडला. झाडाला वळसे घालून सगळे जोड तपासले. बॅटरी अजून तेहतीस टक्के होती.

"झकास, मॅडम," प्रोग्रामवाला कुजबुजला. मोजपट्टींनीसुद्धा घसा खाकरला. ही त्यांच्याकडची शाबासकी समजायची.

गॅरेजच्या दारात आले आणि मी ते करून बसले.

आता हे नीट समजून घ्या. जहाजावरचा रोबोट केबलला बांधलेला असतो. झाडाभोवती उजवीकडून वळसा घातला की त्या शेपटीला एक पीळ पडतो. असे पीळ साचले की केबल तुटते. म्हणून चालवणारा माणूस सगळा वेळ मनात पीळ मोजत असतो आणि ज्या पिंजऱ्यातून रोबोटला खाली सोडतात त्यात परत शिरण्याआधी तेवढ्याच गिरक्या उलट्या मारून पीळ काढतो. आमच्या लाइनीत पीळ न काढता आत शिरणारा माणूस म्हणजे काय, पायातल्या बुटांसकट अंथरुणात झोपणारा! बावीस वर्षं मोजलेत मी पीळ. बाजारात खांबाला वळसा घालतानाही मोजते.

त्या दिवशी मनातला आकडा होता सहा. मी गॅरेजच्या दारात खेकड्याला डावीकडे सहा गिरक्या मारल्या. अगदी टापटिपीने.

"हे काय करतोय तो?" प्रोग्रामवाला किंचाळला. "वेडा झाला! माझा प्रोग्राम वेडा झाला!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. भराभर आपला कोड वर-खाली करायला लागला. मला सहाव्या गिरकीनंतर उमगलं. या खेकड्याला शेपूटच नाही! मी कपाळावर हात मारून घेतला.

"तुमचा प्रोग्राम शहाणा आहे हो," मी म्हणाले. "वेडी मी आहे. पीळ काढत होते."

"कसले पीळ?"

"केबलचे."

"पण केबल नाहीये!"

"तेच ना!"

मागून मोजपट्टींच्या पेनाचा आवाज आला. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण तळावर गाळ असतो, पिठासारखा मऊ. खेकड्याच्या पंख्यांनी तो सगळा उठवला. पडद्यावर नुसतं राखाडी धुकं. गॅरेजच्या दारावरची खूण दिसेना. बॅटरी वीस टक्क्यांवर आली आणि नियमाप्रमाणे रोबोटने ताबा स्वतःकडे घेतला. म्हणजे मी बाद. माझं काम तिथेच संपलं.

खेकडा स्वतःच्या डोक्याने पुढे गेला, खूण दिसली नाही, मागे आला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दर खेपेला आणखी गाळ उठत होता. सतरा टक्के. चौदा टक्के. बॅटरी संपली असती तर त्याला उचलायला जहाज येईपर्यंत आठ दिवस तो तिथेच पडून राहिला असता, आणि नव्या क्षेत्राच्या पहिल्याच महिन्यात कंपनीची शोभा झाली असती.

"अजून एकदा जमेल त्याला," प्रोग्रामवाला नखं खात म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय जमेल? तोच गाळ उडवतोय आणि तोच आंधळा होतोय! साहेब, ताबा मला द्या."

"तुमची परीक्षा संपली आहे," मोजपट्टी म्हणाले.

"संपली तर संपली! मला नापास करा, काय हवं ते करा, पण ते यंत्र तिथे मरतंय ते माझ्या चुकीने मरतंय. द्या इकडे!"

मोजपट्टींनी ताबा परत द्यायची आपल्याजवळची किल्ली फिरवली.

मी खेकड्याला हळूच तळावर बसवला. पंखे बंद, दिवे बंद, कॅमेरे बंद. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आता?" प्रोग्रामवाल्याने विचारलं.

"आता काही नाही. प्रवाह गाळ घेऊन जाईल. चार मिनिटं गप्प बसा."

"दहा टक्के राहिलेत हो!"

"म्हणूनच म्हणते, गप्प बसा!"

त्या चार मिनिटांत मी एकदाही हात उचलला नाही. डोळ्यांसमोर लेक होती. मीठ घातलेला चहा पिऊन छान म्हणणारी. या पोरीची पुढची तीन वर्षंही मी निम्मीच बघणार, मग ती कॉलेजला जाणार, संपलं. मला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. प्रोग्रामवाल्याने न बोलता कागदी रुमाल पुढे केला.

चार मिनिटांनी एक दिवा लावला. धुकं विरळ झालं होतं आणि खूण दिसत होती. खेकड्याला जेमतेम उचलला, पंख्याचा एक झटका दिला आणि बाकी प्रवाहावर सोडून आत सरकवला. खट्. सहा टक्के होते तेव्हा चार्जिंग सुरू झालं. प्रोग्रामवाल्याचा जीव भांड्यात पडला. मी पर्स उचलली आणि कुणाचाही निरोप न घेता निघाले.

घरी नवऱ्याला सांगितलं, "गेली खुर्ची." तो शेजारी येऊन बसला. लेक म्हणाली, "असू दे आई. जहाजावर तुला बरंच वाटतं ना?" मला काही बरं वाटत नव्हतं, पण ते तिला सांगायला तोंड नव्हतं.

नवव्या दिवशी मोजपट्टींचा फोन आला.

"सोमवारी सकाळी आठला या."

"कशाला? मी बाद झाले ना?"

"तिघंही बाद झालात. बाकीच्या दोघांनीही पीळ काढले. एकाने तर आठ."

मला इतकं हसू आलं की फोन हातातून पडायचा बाकी राहिला.

"दोघांनीही प्रोग्रामवर ढकललं," ते पुढे म्हणाले, "रेकॉर्डिंग दाखवेपर्यंत. गाळ उठल्यावर दोन्ही वेळा खेकडा मीच तळावर बसवून ठेवला. तुमच्यासारखा. तर सोमवारी आठला." तेही त्याला खेकडा म्हणायला लागले होते.

खुर्ची मिळाली. लेकीने "अभिनंदन, आई," म्हणून हात मिळवला. सख्ख्या आईशी हस्तांदोलन! पहिला आठवडा तसाच गेला, दुसराही. चार वाजता घरी यायचे, पोरगी पाणी आणून द्यायची. मला वाटायला लागलं, उशीर झाला, आता हे असंच राहणार.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या खोलीत गेले आणि सहज विचारलं, "अभ्यास झाला का गं?"

"आई, रोज काय तेच तेच! कालही विचारलंस, परवाही विचारलंस! आणि टेबलावरचं आवरलंस कशाला? मला काही सापडत नाहीये!"

"आवाज चढवू नकोस!"

"तू चढवतेस तो चालतो?"

धाडकन दार आपटलं. माझ्या तोंडावर. मी थक्क होऊन तिथेच उभी राहिले. मिनिटभराने दार उघडलं. तिचे डोळे लाल होते.

"आधी नाही भांडायचे मी," ती म्हणाली. "वाटायचं, भांडण झालं आणि तू तशीच निघून गेलीस तर? आणि जहाजाला काही झालं तर? मग तेच शेवटचं बोलणं राहिलं असतं ना." तिने नाक पुसलं. "आता नाही ना जाणार?"

"नाही गं बाळा."

"नक्की?"

"नक्की."

"मग माझ्या खोलीत विचारल्याशिवाय यायचं नाही!" आणि पुन्हा धाडकन दार.

नवरा तोंडात टूथब्रश घेऊन धावत आला. "काय झालं? काय झालं?"

"माझ्याशी भांडली," मी म्हणाले आणि तिथेच दारात बसून शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडले.