जंतूंचा उपास

माझी नात वैदेही चिकलठाण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. फॉस्फेट मिळालं नाही तर टायफॉइडच्या जंतूंची ऊर्जा किती तासांत संपते, हा तिचा विषय. तिनं जंतू तीन दिवस उपाशी ठेवले, तरी ऊर्जा संपेना. तिचे मार्गदर्शक विश्वजित यांनी वहीत शेरा मारला, 'आकडे बनावट. प्रबंध नामंजूर.'

हा विश्वजित एकेकाळी माझाच विद्यार्थी होता. तेव्हाही काचेच्या नळ्या न धुताच परत करायचा. प्रयोगशाळेतले आम्ही बाकीचे मात्र एकेक बाटली आठ वेळा विसळायचो, कारण साबणातही फॉस्फेट असतं.

वैदेहीला आणि तिची वही घेऊन मी त्याला भेटायला गेले.

"बाई, तुमचा काळ वेगळा. आता मशीन बोलतं," तो हसून म्हणाला. भिंतीवर त्याच्याच सत्काराचे फोटो होते.

"जंतू उपाशी ठेवले ते कोणत्या द्रावणात?"

"नेहमीच्याच. फॉस्फेट बफर."

"अरे, मग हा एकादशीचा उपास झाला! भात बंद, पण साबुदाण्याची परात पुढ्यात!"

वैदेहीला हसू आवरेना. विश्वजितचा चेहरा उतरला.

"चूक हिची आहे," तो म्हणाला.

मी वहीचं पहिलं पान उघडलं. द्रावणाची कृती त्याच्याच अक्षरात होती, खाली सही.

"ही सही कुणाची रे?"

त्यानं शेरा खोडला. मग हळूच विचारलं, "बाई, मग दुसरं कोणतं द्रावण घ्यायचं?"

"मला काय विचारतोस? वैदेहीला विचार."