वळणावरचा फोटो

मोंजींच्या हातांना कंप सुटल्यापासून त्यांचा एकही फोटो स्पष्ट येत नव्हता. आमच्या मंडळाच्या स्पर्धेचा नियम मात्र साधा होता: खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांची आगगाडी ज्याने जुळवली, त्यानेच तिचा फोटो काढायचा आणि आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा.

त्यांनी ला मार्साच्या किनाऱ्याला जाणारी पांढरी-निळी लोकल जुळवली होती. लग्नाआधी आम्ही खऱ्या गाडीच्या उघड्या दारात उभे राहून समुद्रावर जायचो. आता टेबलावरचं ऊन उतरत चाललं होतं.

"द्या इकडे, मी काढते. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना. तू चहात पुदिना घाल."

मग त्यांनी टेबलावरच्या रुळांवर गाडीच्या पुढे एक सपाट डबा जोडला आणि त्यावर विटांच्या चौकटीत फोन उभा केला, इंजिनाकडे तोंड करून.

"अहो, वळणावर उलटेल. खाली फरशी आहे. हिवाळाभर खपून जुळवलीत ना?"

"उलटली तर झेल. तेवढ्यासाठीच तुला उभी केलीय."

त्यांनी टायमर लावला आणि गाडी सोडली. वळणावर जड डबा कलला, एका बाजूची चाकं रुळावरून उचलली गेली. माझे हात पुढे झाले.

"हात लावू नकोस," ते हळूच म्हणाले.

मी हात तसेच पसरून थांबले. चाकं परत रुळावर टेकली आणि फोनने खट्कन फोटो टिपला.

फोटोत खिडकी, भिंत, माझे पसरलेले हात, सगळ्याच्या पुसट रेघा झाल्या होत्या. फोनबरोबर धावणारी गाडी तेवढी लख्ख उभी होती.

"बघ," मोंजी म्हणाले, "या वेळी तू हललीस."